चार माणसं, तीनच गोष्टी

भास्कराचार्यांच्या 'बीजगणितात' (इ.स. ११५०) एक मजेशीर उदाहरण आहे. चार माणसं. पहिल्याकडे ५ घोडे, २ उंट, ८ खेचरं, ७ बैल. दुसऱ्याकडे त्याच क्रमाने ३, ७, २, १. तिसऱ्याकडे ६, ४, १, २. चौथ्याकडे ८, १, ३, १. चौघंही सारखेच श्रीमंत. तर प्रत्येक जनावराची किंमत काय?

शाळेतलं गणित आठवून आपण म्हणतो, किमती चार, माणसं चार, म्हणजे उत्तर एकच येणार. पण थांबा! प्रत्येकाची एकूण मालमत्ता किती, ते सांगितलेलंच नाही. पहिला बरोबर दुसरा, दुसरा बरोबर तिसरा, तिसरा बरोबर चौथा, अशी तीनच समीकरणं मिळतात. 'चौथा बरोबर पहिला' हे चौथं लिहा हवं तर. ते आधीच्या तिघांतूनच निघतं. कागद भरतो, माहिती काडीचीही वाढत नाही.

आचार्यांनी हे उदाहरण घातलंय 'अनेकवर्ण समीकरणात', जिथे अज्ञातांना काळा, निळा, पिवळा अशी रंगांची नावं असतात. उत्तर येतं : घोडा ८५, उंट ७६, खेचर ३१, बैल ४. प्रत्येकाची मालमत्ता ८५३. (करून बघा, जमतं!) पण सगळ्या किमती दुप्पट केल्या तरी जमतंच. हाती लागतं ते फक्त प्रमाण.

हे ज्ञान पुढे चालावं म्हणून आचार्यांचा नातू चांगदेव याने चाळीसगावजवळच्या पाटण इथे मठ काढला. तिथला १२०७ सालचा शिलालेख एकोणिसाव्या शतकात डॉ. भाऊ दाजी लाड यांनी उजेडात आणला.

आचार्यांनी जे हाताळलं, त्याची सर्वसाधारण व्याख्या व्हायला मात्र सातशे वर्षं लागली. जी गोष्ट इतरांची पट करून, बेरीज-वजाबाकी करून मिळते ती अवलंबी. एकही तशी मिळत नसेल, तर त्या सगळ्या एकमेकींपासून स्वतंत्र. हा विचार १८४४ साली ग्रासमान नावाच्या जर्मन शाळामास्तरांनी पुस्तकात मांडला. पुस्तक कुणी वाचलं नाही, उरलेल्या प्रती रद्दीत गेल्या. पुढे १८८८ मध्ये इटलीच्या पेआनोने त्याला नीट नियमांत बसवलं, आणि आज ते कॉलेजच्या पहिल्या वर्षाला शिकवतात.

तुम्ही म्हणाल, याचं आमच्या शेंदूरजनाघाटात काय काम? आहे ना. आंबिया बहाराचा संत्र्याचा बगीचा विकायचा असतो. एक व्यापारी येतो, भाव सांगतो. दुसरा त्याहून थोडा कमी सांगतो. तिसरा दोघांच्या मधला आकडा टाकतो. चौथा पहिल्याचाच भाव पुन्हा म्हणतो. शेतकऱ्याला वाटतं, चौघांना विचारलं, आता बाजार समजला. आणि वर्षभराची मेहनत त्या आकड्यावर देऊन टाकतो.

पण चौघांनी एकाच अडत्याला फोन करून भाव काढला असेल तर? मग तो चार जणांचा भाव नाही, एकाचाच आहे. तोंडं चार, माहिती एक.

म्हणून किती जणांना विचारलं हे मोजण्यापेक्षा, प्रत्येकाने भाव आणला कुठून हे विचारावं. दुसऱ्या बाजारातून स्वतः काढलेला एक भाव त्या चारांपेक्षा जास्त सांगून जातो.