गिअर नॉब आणि शॉर्ट शिफ्टर : मॅन्युअल कारमध्ये बदलण्याआधी हे समजून घ्या

मोबाईलवर रील्स बघताना तुम्हालाही चकचकीत मेटलचा गिअर नॉब किंवा ‘शॉर्ट शिफ्टर’ दिसला असेलच. ऑनलाइन ऑर्डर करायला दोन मिनिटं लागतात, पण तो आपल्या गाडीत बसेल का आणि बसला तर नक्की काय बदलेल, हे फारसं कुणी सांगत नाही. मी सॉफ्टवेअर इंजिनिअर आहे, गाड्यांचा नाद कॉलेजपासूनचा. ऑफिसमधले मित्र पार्ट मागवण्याआधी मला लिंक पाठवून विचारतात, म्हणून सगळं एकाच ठिकाणी लिहितोय.

नॉब वेगळा, शिफ्टर वेगळा

आपण हातात धरतो तो नॉब. तो ज्या दांड्यावर बसतो तो लिव्हर, आणि लिव्हरसकट खालच्या सगळ्या यंत्रणेला शिफ्टर म्हणतात. आपल्याकडच्या बहुतेक फ्रंट व्हील ड्राइव्ह गाड्यांमध्ये गिअरबॉक्स पुढे बॉनेटखाली असतो आणि लिव्हरची हालचाल दोन केबलमधून तिथपर्यंत पोहोचते. माझदा एमएक्स-५ सारख्या गाडीत मात्र लिव्हर थेट गिअरबॉक्सच्या डोक्यावरच असतो. तिचं शिफ्टिंग इतकं कडक वाटतं त्याचं हे एक मोठं कारण.

शॉर्ट शिफ्टरचं गणित

लिव्हर म्हणजे शाळेत शिकलेली तरफ. समजा, टेकूच्या वर दांडा २४० मिमी आणि खाली ६० मिमी आहे. म्हणजे प्रमाण ४:१. खालचं टोक २० मिमी सरकायला हवं असेल, तर वर हात ८० मिमी हलवावा लागतो. शॉर्ट शिफ्टरमध्ये खालची बाजू ८० मिमी केली, तर प्रमाण ३:१ होतं आणि हात फक्त ६० मिमी हलतो. हाताची हालचाल २५ टक्के कमी!

पण फुकट काहीच मिळत नाही. त्याच कामाला आता साधारण ३३ टक्के जास्त जोर लागतो. कोथरूड ते हिंजवडी रोज ट्रॅफिकमधून गाडी चालवत असाल, तर हा फरक मनगटाला जाणवेल.

आणखी एक गैरसमज म्हणजे शॉर्ट शिफ्टर लावला की गिअरबॉक्स फास्ट होतो. तसं होत नाही. गिअर पडण्याआधी आतल्या सिंक्रोनायझरला दोन भागांचा वेग जुळवायला तेवढाच वेळ लागतो. घाई करून ढकललंत, तर झीज त्याचीच होणार.

नॉबच्या वजनाने काय होतं?

जड नॉब एकदा हलला की त्याला स्वतःचा जोर असतो, त्यामुळे गिअर ‘खटकन’ पडल्यासारखा वाटतो. होंडाने २०२० च्या सिव्हिक टाइप आरमध्ये नॉबच्या आत ९० ग्रॅमचं वजन दिलं होतं, ते याच फीलसाठी.

उंचीचाही परिणाम होतो. नॉब खाली आला की हालचाल थोडी कमी होते आणि जोर थोडा जास्त लागतो. मटेरियल निवडताना आपलं ऊन लक्षात घ्या. मे महिन्यात दुपारभर उन्हात उभ्या गाडीतला उघडा मेटलचा नॉब हाताला चटका देतो. लेदरचा त्या मानाने बरा.

ऑर्डर करण्याआधी या ४ गोष्टी तपासा

१. आटे (थ्रेड) : होंडाच्या बऱ्याच गाड्यांना एम१० × १.५, निसान आणि माझदाला एम१० × १.२५, तर टोयोटाला एम१२ × १.२५ असे आटे असतात. पहिला आकडा जाडीचा, दुसरा दोन आट्यांमधल्या अंतराचा. तुमच्या मॉडेलचं माप पक्कं करूनच मागवा.

२. आटे आहेत का? : काही गाड्यांत नॉब फिरवून नाही, तर दाबून किंवा क्लिपने बसवलेला असतो. तो जोर लावून फिरवलात तर तुटेल.

३. रिव्हर्सचं लॉक : नॉबखालची रिंग वर ओढून रिव्हर्स पडत असेल, तर ही सगळ्यात महत्त्वाची गोष्ट. नवीन नॉबमुळे ती रिंग नीट चालली नाही, तर रिव्हर्स पडणारच नाही. लॉक काढून टाकलं, तर रिव्हर्स चुकून लागू शकतो. लॉक शाबूत राहत नसेल, तर तो नॉब घेऊच नका.

४. वॉरंटी : गाडी नवीन असेल तर शिफ्टरला हात लावण्याआधी सर्व्हिस सेंटरला विचारा.

‘युनिव्हर्सल’ नॉबपासून सावध

हे नॉब बहुतेक वेळा तीन बारीक स्क्रूंनी दांड्याला आवळलेले असतात. व्हायब्रेशनने स्क्रू ढिले होतात. घाटात तिसऱ्यावरून दुसरा टाकताना नॉब हातात आला तर काय होईल, याचा विचार करा. आट्यांचा नॉब आणि त्याखाली लॉक नट ही जोडीच भरवशाची.

बदलायचा कसा?

गाडी सपाट जागी, इंजिन बंद, हँडब्रेक ओढलेला आणि चाकांना अडण लावलेली. आधी मोबाईलवर जुन्या जोडणीचे फोटो काढा. गेटर (लेदरचं कव्हर) हलकेच मोकळं करा. आट्यांचा नॉब घड्याळाच्या उलट दिशेने फिरवून काढा. दाबून बसवलेला वर ओढताना तोंड बाजूला ठेवा, सुटला की जोरात वर येतो. नवीन नॉब बसवून लॉक नट आवळा. इंजिन बंद असतानाच क्लच दाबून सगळे गिअर आणि रिव्हर्स टाकून बघा. मग मोकळ्या मैदानात एक चक्कर मारा.

शॉर्ट शिफ्टर मात्र घरी करण्याचं काम नाही. कन्सोल उघडून केबलची सेटिंग करावी लागते, ते अनुभवी मेकॅनिककडेच द्या.

माझा सल्ला

जुन्या गाडीचा लिव्हर डुगडुगत असेल, तर आधी केबलच्या टोकाचे बुश तपासून घ्या. ते झिजले असतील तर नवा नॉब लावूनही ढिलेपणा तसाच राहतो. बुश बदलून समाधान झालं नाही, तर नॉब बदला, आणि शॉर्ट शिफ्टर सगळ्यात शेवटी. आणि नॉब कुठलाही घ्या, गाडी चालवताना हात त्यावर टेकवून ठेवू नका. तो दाब थेट गिअरबॉक्समधल्या सिलेक्टर फोर्कवर जातो, आणि तिथली दुरुस्ती नॉबच्या किमतीत होत नाही.