किटलीची कुळकथा

नवा संसार मांडणारें जोडपें भांड्यांच्या दुकानीं जातें, तेव्हां कढई, पातेलें, डबे यांची निवड लवकर आटोपते. अडखळतें तें किटलीपाशीं. एक किटली चकचकीत पोलादाची, दुसरी बारीक लांब चोचीची, तिसरी विजेची, चौथीला काचेचें पोट. दुकानदार प्रत्येकीचे गुण गातो. किमतींत मात्र तिपटी-चौपटीचें अंतर असतें. शेवटीं पुष्कळ घरांत जी वस्तु येते ती गरजेकडे न पाहतां पाहुण्यांच्या नजरेकडे पाहून घेतलेली असते, आणि थोड्याच दिवसांत ती काचेच्या कपाटांत जाऊन बसते. चहा पूर्ववत् पातेल्यांतच होतो.

या गोंधळांतून वाट काढण्यास इतिहासाचा चांगला उपयोग होतो. चहाच्या भांड्यांची लेखी हकीकत बाराशें वर्षांची आहे. कॉफीच्या भांड्यांची त्याहून अलीकडची. दोहोंत एक सूत्र सारखें दिसून येतें. या भांड्यांचीं खरीं कामें चारच : पाणी तापविणें, तें हवें तेवढें तापलें हें कळणें, तें नीट ओततां येणें, आणि पत्ती अथवा पूड अर्कापासून वेगळी करणें. या चारांपैकीं एखादें काम ज्या सुधारणेनें सोपें झालें ती टिकली आणि हळूहळू स्वस्त झाली. बाकीची सजावट त्या त्या काळच्या वैभवाबरोबर आली आणि बहुधा त्याच्याबरोबरच गेली.

चीनमध्यें आठव्या शतकांत, तांग राजवंशाच्या काळीं, लू यू नांवाच्या पंडितानें चहावर एक ग्रंथ लिहिला. त्यांत शेगडीपासून पेल्यापर्यंत चोवीस उपकरणांची गणना आहे. तापमापक यंत्र त्या काळीं नव्हतें. तेव्हां पाण्याची परीक्षा डोळ्यांनीं व कानांनीं करावयाची. माशाच्या डोळ्यांसारखे बुडबुडे येऊन बारीक आवाज होतो ती पहिली उकळी. कडेनें मोत्यांच्या सरांसारखे बुडबुडे चढूं लागतात ती दुसरी. आणि लाटा उसळतात ती तिसरी. त्यापुढें पाणी म्हातारें झालें, तें पिऊं नये, असें तो सांगतो. या ग्रंथाचें नववें प्रकरण मोठें मार्मिक आहे. रानांत किंवा डोंगरांत, झर्‍याकांठीं चहा करावयाचा असेल तर कोणकोणतीं उपकरणें गाळावीं हें त्यांत दिलें आहे. मात्र शहरांत, सरदारांच्या वाड्यांत, चोविसांतील एक जरी कमी पडलें तरी चहाचा बेतच सोडून द्यावा, अशी पुस्तीहि जोडली आहे. चहाला किती भांडीं लागतात आणि प्रतिष्ठेला किती लागतात, हे दोन हिशेब निराळे आहेत, हें इतक्या पूर्वीं उघड झालें होतें.

सोळाव्या शतकांत जपानमध्यें हे दोन हिशेब एकाच दरबारांत समोरासमोर उभे राहिले. सत्ताधीश हिदेयोशी यानें सोन्यानें मढविलेली, उचलून नेतां येण्याजोगी चहाची खोली करविली आणि १५८६ मध्यें ती सम्राटाच्या राजवाड्यांत मांडून दाखविली. त्याच्याच पदरीं असलेला चहाविधीचा आचार्य सेन नो रिक्यू याच्या नांवानें ओळखली जाणारी खोली मात्र अवघ्या दोन चटयांची आहे. रिक्यूला आवडणारे पेले हातानें घडविलेले, साधे, काळ्या अथवा तांबड्या झिलईचे असत. ते करणारा चोजिरो हा मूळचा कौलें बनविणारा कारागीर होता असें मानतात. १५९१ मध्यें हिदेयोशीच्या हुकमानें रिक्यूला प्राण द्यावा लागला. पण सोन्याची ती खोली काळाच्या ओघांत नाहींशी झाली, आणि दोन चटयांची खोली जपानांत राष्ट्रीय ठेवा म्हणून अद्याप जपली जात आहे.

युरोपांत चहा पोंचला तेव्हां त्याच्या भांड्याचा आकारहि ठरलेला नव्हता. लंडनच्या व्हिक्टोरिया अँड आल्बर्ट संग्रहालयांत १६७० च्या सुमाराचें एक रुप्याचें चहापात्र आहे. तें उंच व निमुळतें आहे. त्यावर कोरलेला लेख नसता तर कोणीहि त्याला कॉफीचें भांडेंच म्हटलें असतें. पुढें श्रीमंतांच्या दिवाणखान्यांत खालीं स्पिरिटचा दिवा असलेल्या रुप्याच्या किटल्या आल्या, आणि सामान्यांच्या चुलीवर तांब्याच्या. दोहोंतील पाणी सारख्याच उष्णतेला उकळत असे. गरिबांच्या घरीं चहा सुलभ होण्यास कारण झाला तो कायदा. १७८४ मध्यें इंग्लंडनें चहावरील शेंकडा ११९ चा कर एकदम शेंकडा साडेबारावर आणला. चोरट्या व्यापाराचा कणा मोडला आणि चहा उजळ माथ्यानें घराघरांत शिरला.

हिंदुस्थानांत चहा इंग्रजांनीं आणला असें सरसकट म्हटलें जातें. मळ्यांच्या चहापुरतें तें खरें असलें, तरी सुरतेच्या बंदरांत चहा त्याच्या कितीतरी आधीं होता. १६३८ मध्यें तेथें आलेल्या मांडेल्स्लो या जर्मन प्रवाशानें रोजच्या बैठकींत चहा घेतला जात असल्याचें नमूद केलें आहे. १६८९ मध्यें आलेला ओव्हिंग्टन हा पाद्री सांगतो कीं, तेथील वाणी लोक चहांत मसाला घालून किंवा खडीसाखर अथवा लिंबू घेऊन तो पितात, आणि डोकेदुखी व पोटदुखी यांवर औषध म्हणूनहि त्याचा उपयोग करतात. म्हणजे मसाल्याचा चहा ही कांहीं कालपरवाची टूम नव्हे.

महाराष्ट्रांत मात्र चहाच्या भांड्याला एका वेगळ्याच परीक्षेंतून जावें लागलें. १८९० सालीं पुण्याच्या पंचहौद मिशनमध्यें झालेल्या सभेस न्यायमूर्ति रानडे, लोकमान्य टिळक आणि शहरांतील इतर नामांकित मंडळी गेली होती. सभेनंतर चहा पुढें आला. कोणी तो घेतला, कोणी नुसता हातीं धरून खालीं ठेवला. उपस्थितांचीं नांवें वर्तमानपत्रांत छापून आलीं आणि गांवांत मोठा वाद माजला. प्रकरण शंकराचार्यांपर्यंत गेलें व प्रायश्चित्तावर येऊन ठेपलें. चहाच्या पत्तीला कोणी दोष दिला नव्हता. दोष होता तो पेल्याला आणि तो पुढें करणार्‍या हाताला. त्यानंतरहि कित्येक वर्षें गांवोगांवच्या चहाच्या दुकानांत अस्पृश्य मानलेल्यांसाठीं निराळी कपबशी बाजूला ठेवलेली असे. किटली एक, चहा एक, पेला मात्र वेगळा! भांड्याची योग्यता त्याच्या कामावरून न ठरवितां मानपानावरून ठरविली म्हणजे माणसें कोठवर जातात, याचा याहून कडवट दाखला सांपडणें कठीण.

सोवळ्या घरांतून धातूचें भांडें घासून व तापवून शुद्ध होतें, चिनी मातीचें होत नाहीं, अशी समजूत होती. त्यामुळें अशा घरीं पितळेच्या भांड्यांना मान होता. पण पितळ उघडें राहिलें कीं त्यांत आंबट पदार्थ कळकतो. यासाठीं वेळोवेळीं कल्हईवाला दारांत बसे, भाता लावी, नवसागर टाकून भांड्याच्या पोटांत कथिलाचा हात फिरवी. कल्हईचा हा नित्याचा खर्च किटलीच्या खरेदीच्या किमतींत कोठेंच लिहिलेला नसे.

या खर्चांतून सामान्य घराची सुटका दोन धातूंनीं केली. १८८६ मध्यें अमेरिकेंत हॉल व फ्रान्समध्यें एरू या दोघां तरुणांनीं विजेच्या साहाय्यानें अॅल्युमिनियम काढण्याची एकच रीत स्वतंत्रपणें शोधली, आणि पूर्वीं मौल्यवान् गणला जाणारा हा धातु स्वयंपाकघरांत आला. १८९८ मध्यें मद्रासच्या कलाशाळेंत आल्फ्रेड चॅटर्टन यांनीं त्याचीं भांडीं करविण्यास आरंभ केला. १९१३ मध्यें शेफील्डच्या हॅरी ब्रिअर्ली यानें न गंजणारें पोलाद तयार केलें. स्वातंत्र्यानंतर त्याचीं भांडीं आपल्याकडे सर्वत्र पसरलीं आणि कल्हईवाल्याची हांक क्वचितच ऐकूं येऊं लागली. तिकडे जळणाचीहि अशीच प्रगति झाली. १८९२ मध्यें स्वीडनच्या लिंडक्विस्टनें काजळी न धरणारा दाबाचा घासलेटचा स्टोव्ह काढला, आणि सकाळच्या दोन कप चहासाठीं सारी चूल पेटविण्याचें कारण उरलें नाहीं.

कॉफीची कथा गाळणीभोंवतीं फिरते. अरबस्तानांतून व तुर्कस्तानांतून आलेली रीत म्हणजे पूड पाण्यांतच उकळावयाची व गाळ खालीं बसूं द्यावयाचा. उष्णतेचा गाढा अभ्यासक काउंट रम्फर्ड यानें १८१२ मध्यें कॉफीवर निबंध लिहून प्रतिपादन केलें कीं, उकळल्यानें कॉफीचा सुगंध उडून जातो. पुडीवर गरम पाणी ओतून अर्क ठिबकूं द्यावा. त्यानें त्यासाठीं पात्रेंहि योजिलीं. पण सर्वांत उपयुक्त शोध लागला तो एका गृहिणीच्या ओट्यावर. १९०८ मध्यें ड्रेस्डेन येथील मेलिटा बेंट्झ हिनें पितळेच्या भांड्याच्या बुडाला खिळ्यानें भोंकें पाडलीं आणि त्यांत आपल्या मुलाच्या शाळेच्या वहींतील टीपकागद घातला. गाळ वर राहिला, स्वच्छ कॉफी खालीं उतरली. त्याच वर्षीं तिनें या युक्तीची सरकारी नोंदणी केली. मुळाशीं साहित्य काय, तर एक जुनें भांडें, एक खिळा आणि एक कागद! दक्षिणेंतील घरोघरचा दुमजली फिल्टर याच तत्त्वावर चालतो. त्याला तर कागदहि लागत नाहीं.

विजेच्या किटलीची वाटचाल हेंच सूत्र पुढें नेते. १८९१ च्या सुमारास ती प्रथम विक्रीस आली तेव्हां तापणारी तार भांड्याच्या तळाखालीं निराळ्या कप्प्यांत असे. बरीच उष्णता वाटेंतच जाई आणि पाणी तापण्यास फार वेळ लागे. १९२२ मध्यें बर्मिंगहॅमच्या एका कारखान्यानें ती तार नळींत बंद करून थेट पाण्यांत बुडविली. पुढें १९५५ मध्यें इंग्लंडांतील रसेल व हॉब्ज यांनीं उकळी येतांच आपोआप बंद होणारी किटली काढली. तिच्यांतील वाफ एका छिद्रांतून दोन धातूंच्या जोडपट्टीवर जाते. पट्टी वांकते आणि वीज तुटते. वाफ हीच खूण असल्यामुळें, महाबळेश्वरासारख्या उंच ठिकाणीं पाणी ९५-९६ अंशांवर उकळलें तरी ही किटली चुकत नाहीं. लू यूनें डोळ्यांवर व कानांवर सोंपविलेलें काम एका वांकत्या पट्टीनें उचललें, एवढाच याचा अर्थ.

हा सारा इतिहास ध्यानीं घेऊन आज निवड करावयाची झाल्यास ती सोपी होते. ज्या घरीं दूध, साखर व आलें घालून चहा उकळला जातो, त्या घराला जाड बुडाचें एक पातेलें, झाकण आणि बारीक गाळणी एवढें पुरेसें आहे. विजेच्या किटलींत दूध कधींच उकळूं नये. तें उतूं जातें, बुडाला करपतें आणि कळ बिघडते. कोरा चहा, हिरवा चहा किंवा कॉफी यांसाठीं नुसतें पाणी वारंवार लागत असेल तर मात्र विजेची साधी, आपोआप बंद होणारी, एक लिटरची पोलादी किटली योग्य. एक लिटर पाणी उकळण्यास सुमारें एक दशांश युनिट वीज लागते आणि १५०० वॅटच्या किटलीला चार मिनिटांच्या आसपास वेळ. दोन कपांपुरतेंच पाणी घातलें तर वेळ व वीज दोन्ही तिसर्‍या हिश्शावर येतात. हें बचतीचें साधन फुकट आहे. अंश दाखविणार्‍या महागड्या किटलीची उणीव हिरव्या चहालाहि भासूं नये : त्याला ८० अंशांच्या आसपासचें पाणी लागतें, आणि उकळलेलें पाणी झाकण काढून कांहीं मिनिटें निवूं दिलें कीं काम भागतें.

गॅसवरची किटली घेणें असेल तर रुंद बुडाची घ्यावी, म्हणजे ज्वाळा कडेनें वाया जात नाहीं. तोंड हात जाईल एवढें मोठें असावें, कारण जड पाण्याचा पांढरा थर आंत बसतो व तो लिंबाच्या रसानें किंवा व्हिनेगरनें काढावा लागतो. दुकानांतच पाणी भरून ओतून पाहावें; चोचीवरून जिचा ओघळ पोटाकडे येतो ती किटली कितीहि देखणी असली तरी रोज हात भाजील. बारीक लांब चोच ही कागदाच्या गाळणीवर हळूहळू धार धरणार्‍यांच्या सोयीची. दक्षिणी फिल्टर वापरणार्‍यांना ती नको. त्यावरहि चार पैसे उरले तर ते कॉफी दळण्याच्या हातयंत्रावर खर्चावे. ताज्या पुडीनें चवींत जेवढा फरक पडतो तेवढा किटलीच्या चकाकीनें पडत नाहीं.

पाहुण्याला चहा विचारतांना कोणत्याहि घराला आपल्या भांड्यांची लाज वाटण्याचें कारण नाहीं. ज्या पुण्यांत एका पेल्यावरून प्रायश्चित्तें घ्यावीं लागलीं, तेथें आज आल्यागेल्याला चहा न विचारणें हाच उणेपणा समजला जातो. आणि हा पालट घडून आला तो साध्या भांड्यांतल्या चहावरच. पाणी नीट उकळलेलें असावें, गाळणी स्वच्छ असावी, आणि पेला सर्वांना एकाच तर्‍हेचा मिळावा. याहून अधिक जें लागतें तें चहाला लागत नाहीं.