झेड-प्राइम: पत्ता नसलेल्या कणाचा शोध

निसर्गातली बलं कणांच्या देवाणघेवाणीतून काम करतात, हे आपण मागे पाहिलंच. विद्युतचुंबकीय बलाचा वाहक फोटॉन. आजचा प्रश्न त्यापुढचा: आपल्याला अजून माहीतच नसलेलं एखादं बल असेल, तर त्याचा वाहक शोधायचा कसा?

आधी जुना शोध पाहू. किरणोत्सारी बीटा ऱ्हासामागे क्षीण बल असतं. त्याचे वाहक डब्ल्यू आणि झेड असावेत, असं ग्लॅशो, वाइनबर्ग आणि सलाम यांचा सिद्धान्त सांगत होता. १९७३ मध्ये सर्नच्या ‘गार्गामेल’ उपकरणात झेडची अप्रत्यक्ष खूण मिळाली. पुढे अशा मोजमापांवरून या कणांच्या वस्तुमानाचा अंदाजही बांधता आला. म्हणजे कण दिसला नव्हता, पण त्याचा पत्ता हाती होता. कार्लो रुब्बिया आणि सहकाऱ्यांनी सुचवलं की सर्नच्याच यंत्रात प्रोटॉन आणि प्रतिप्रोटॉन समोरासमोर आदळवू या. प्रतिप्रोटॉन मोजकेच मिळतात आणि विखुरतात. त्यांना दाट झोतात आणायची युक्ती व्हान डर मेर यांची. १९८३ च्या जानेवारीत डब्ल्यू जाहीर झाला, काही महिन्यांत झेडही. डब्ल्यू प्रोटॉनच्या सुमारे ८६ पट जड, झेड ९७ पट. १९८४ चं नोबेल या दोघांना मिळालं.

मग प्रश्न आला, झेडचा आणखी जड भाऊ असेल का? त्याला झेड-प्राइम म्हणतात. सगळी बलं एकत्र बांधू पाहणाऱ्या अनेक सिद्धान्तांत तो येतो. पण तो किती जड, हे कुणीच ठामपणे सांगत नाही. इथे पत्ता नाही.

शोधायची रीत मात्र साधी आहे. असा कण क्षणात फुटून, समजा, दोन म्युऑन देईल. त्यांची ऊर्जा आणि दिशा मोजली की मूळ कणाचं वस्तुमान निघतं. अशा असंख्य जोड्यांचा आलेख एकसारखा उतरत जातो. त्यात कुठे उंचवटा दिसला, की कान टवकारायचे.

उंचवटा फसवतोही. २०१५ मध्ये लार्ज हॅड्रॉन कोलायडरवरच्या ॲटलास गटाला प्रोटॉनच्या सुमारे २,००० पट वस्तुमानापाशी तो दिसला. हा डब्ल्यू-प्राइम तर नव्हे, म्हणून अनेक शोधनिबंध आले. पुढे जास्त ऊर्जेच्या टकरींत तो टिकला नाही.

आज ॲटलास आणि सीएमएस हे दोन्ही गट सांगतात: झेडसारखाच वागणारा भाऊ असेल, तर तो प्रोटॉनच्या ५,००० पटींहून जड असला पाहिजे. सीएमएसमध्ये मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेचे शास्त्रज्ञही आहेत. मात्र इतर कणांशी त्याचं नातं फारच क्षीण असेल, तर तो हलका असूनही नजरेतून सुटू शकतो. म्हणजे ‘सापडला नाही’ हे उत्तरही नेमकं वाचावं लागतं.

सर्नमध्ये आता सुमारे ९१ किलोमीटर परिघाच्या यंत्राचा विचार चालू आहे. सध्याचं २७ किलोमीटरचं आहे. रुब्बियांनी यंत्र मागितलं तेव्हा कुठे पाहायचं हे ठाऊक होतं. या वेळी तसा पत्ता नसताना एवढा खर्च करायचा का, हे ठरवावं लागणार आहे.