डॉक्टरेट: कर्जावरची आणि पगारावरची

1917च्या उन्हाळ्यात भीमराव आंबेडकरांना लंडन सोडावे लागले. लंडन स्कूल ऑफ इकॉनॉमिक्समधले संशोधन अर्धवट होते, पण बडोदा संस्थानच्या शिष्यवृत्तीची मुदत संपली होती. पुढे मुंबईच्या सिडनॅम कॉलेजात प्राध्यापकी करून त्यांनी पैसे साठवले. छत्रपती शाहू महाराजांची मदत झाली, नवल भथेना या मित्राने कर्ज दिले आणि 1920मध्ये ते लंडनला परतले. रुपयाच्या प्रश्नावरील प्रबंधाला डी.एस्सी. मिळाली ती 1923मध्ये.

त्याच दशकाच्या अखेरीस इरावती कर्वे मानवशास्त्रात संशोधन करायला बर्लिनला गेल्या. सासरे महर्षी कर्वे यांना त्यांचे जाणे पसंत नव्हते. पती दिनकर मात्र पाठीशी उभे राहिले. खर्चासाठी जीवराज मेहता यांच्याकडून कर्ज घ्यावे लागले. 1937मध्ये केंब्रिजला पोहोचलेल्या कमला भागवत, म्हणजे पुढच्या कमला सोहोनी, यांना शिष्यवृत्तीचा आधार होता. 1939मध्ये त्या पीएच.डी. झाल्या.

तिघांचीही बुद्धी असामान्य होती. तरी संशोधन पुरे होणार की नाही, हे संस्थानिकाच्या, मित्राच्या किंवा एखाद्या देणगीदाराच्या मर्जीवर ठरत होते.

युरोपातल्या तरुणांचीही यातून सुटका नव्हती. पॅरिसमध्ये शिकणाऱ्या मारी स्क्लोडोव्स्काला, म्हणजे पुढच्या मारी क्युरीला, 1893मध्ये मायदेशातून 600 रूबलची शिष्यवृत्ती मिळाली. कमावती झाल्यावर तिने ती रक्कम परत केली, दुसऱ्या कुणाला तरी उपयोगी पडावी म्हणून.

खरा बदल विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात झाला. नेदरलँड्सने 1986मध्ये प्रशिक्षणार्थी सहायकाचे पद निर्माण केले आणि डॉक्टरेट करणारा विद्यार्थी विद्यापीठाचा पगारी कर्मचारी झाला. स्वीडनने 1998मध्ये नियम घट्ट केला: निधीची तजवीज असेल तरच प्रवेश. जर्मनीत सरकारी वेतनश्रेणीतली, बहुधा अर्धवेळ किंवा पाऊणवेळ पगाराची पदे रूढ झाली. मारी क्युरी यांच्या नावाने युरोपीय संघाने सुरू केलेल्या योजनेत कोणत्याही देशाचा उमेदवार अर्ज करू शकतो. अट प्रामुख्याने एवढीच, की यजमान देशात मागच्या 36 महिन्यांत त्याचे वास्तव्य 12 महिन्यांहून अधिक नसावे.

या बदलाचा अर्थ मोठा आहे. ओळखीपाळखीने मिळणारी संधी आता जाहिरातीतून खुली होऊ लागली. जाहिरातीत प्रकल्पाचा विषय, मार्गदर्शक, कराराची मुदत आणि वेतन लिहिलेले असते. ब्रिटनमध्ये मात्र अजून शिष्यवृत्तीचाच प्रघात आहे. तिथे परदेशी विद्यार्थ्याची पूर्ण फी त्यात धरली आहे का, हे आधी तपासावे लागते.

पुण्या-मुंबईत, नांदेडात किंवा पणजीत एम.एस्सी. करणाऱ्यांनी म्हणूनच आधी कर्जाची चौकशी करू नये. युरॅक्सेस हे युरोपीय आयोगाचे संकेतस्थळ आणि विद्यापीठांची रिक्त पदांची पाने नियमित पाहावीत. एकच पत्र पन्नास प्राध्यापकांना पाठवण्यापेक्षा एका मार्गदर्शकाचे दोन-तीन शोधनिबंध नीट वाचावेत, त्याच्या प्रकल्पात आपण काय करू शकतो ते नेमके लिहावे आणि मुदतीच्या आत अर्ज करावा.