शालेय गणित स्पर्धा : नावे अनेक, अधिकृत वाट एकच

बेंगळुरू : पहिली ते आठवीच्या विद्यार्थ्यांसाठी देशात गणिताच्या अनेक स्पर्धा घेतल्या जातात. त्यांपैकी कित्येकांच्या नावात ‘ऑलिम्पियाड’ हा शब्द असल्याने या साऱ्या परीक्षा एकाच शिडीच्या पायऱ्या आहेत, असा पालकांचा समज होतो. प्रत्यक्षात आंतरराष्ट्रीय गणित ऑलिम्पियाडकडे नेणारी अधिकृत वाट एकच असून ती आठवीच्या आधी सुरू होत नाही. तोवरच्या वर्षांत मुलांना गणिताची गोडी कशी लागावी, याचे काही चांगले नमुने बेंगळुरू आणि महाराष्ट्रातील संस्थांच्या कामात आढळतात.

निवडीचे टप्पे

आंतरराष्ट्रीय गणित ऑलिम्पियाड १९५९ मध्ये रुमानियात सुरू झाले. भारत १९८९ पासून त्यात भाग घेत आहे. १९९६ चे ऑलिम्पियाड मुंबईत झाले, तर २०२४ मध्ये ब्रिटनमधील बाथ येथे भारताने चार सुवर्णपदकांसह चौथे स्थान मिळवले.

भारतीय संघाच्या निवडीचा पहिला टप्पा ‘आयओक्यूएम’ या परीक्षेचा आहे. आठवी ते बारावीच्या विद्यार्थ्यांना ती देता येते. तीन तासांत ३० प्रश्न सोडवायचे असतात. उत्तरांचे पर्याय दिलेले नसतात; प्रत्येक उत्तर ० ते ९९ मधील पूर्णांक असते. त्यानंतर प्रादेशिक ऑलिम्पियाड, राष्ट्रीय ऑलिम्पियाड आणि प्रशिक्षण शिबिर असे टप्पे येतात. हा कार्यक्रम मुंबईचे होमी भाभा विज्ञान शिक्षण केंद्र आणि अणुऊर्जा विभागाचे राष्ट्रीय उच्च गणित मंडळ यांच्या पुढाकाराने चालतो. खासगी परीक्षांमधील क्रमांक किंवा पदक या निवडीत विचारात घेतले जात नाही.

राष्ट्रीय उच्च गणित मंडळाचा ऑलिम्पियाड कक्ष अनेक वर्षे बेंगळुरूच्या भारतीय विज्ञान संस्थेत कार्यरत होता. तेथील सी. आर. प्राणेशाचार आणि बी. जे. वेंकटाचल हे सहलेखक असलेले ‘चॅलेंज अँड थ्रिल ऑफ प्री-कॉलेज मॅथेमॅटिक्स’ हे पुस्तक आजही तयारीसाठी वापरले जाते.

लहान वयोगटासाठी

पुण्याच्या भास्कराचार्य प्रतिष्ठानची स्थापना गणितज्ञ श्रीराम अभ्यंकर यांनी १९७६ मध्ये केली. ही संस्था पाचवी-सहावीच्या मुलांसाठी गणित प्रज्ञाशोध स्पर्धा घेते. केंद्रीय माध्यमिक शिक्षण मंडळाने २०१९ मध्ये आपल्या शाळांतील आठवी ते दहावीच्या विद्यार्थ्यांसाठी ‘आर्यभट्ट गणित चॅलेंज’ सुरू केले.

परदेशी स्पर्धांपैकी ‘कांगारू’ ही स्पर्धा फ्रान्समध्ये १९९१ मध्ये सुरू झाली. ऑस्ट्रेलियातील स्पर्धेवरून प्रेरणा घेतल्याने तिला हे नाव मिळाले. अमेरिकेच्या ‘एएमसी ८’ मध्ये ४० मिनिटांत २५ प्रश्न असतात.

गावातील स्पर्धा

बेंगळुरूच्या अक्षरा फाउंडेशनने निवडलेला मार्ग वेगळा आहे. ‘गणित कलिका आंदोलन’ या कार्यक्रमातून कर्नाटकातील सरकारी शाळांमध्ये प्रथम वस्तू हाताळणे, मग चित्र आणि शेवटी चिन्ह या क्रमाने गणित शिकवले जाते. त्याला जोडून ग्रामपंचायत पातळीवर चौथी ते सहावीच्या मुलांच्या गणित स्पर्धा होतात. परीक्षा गावातच, पालक आणि पंचायत सदस्यांच्या उपस्थितीत होत असल्याने आपल्या मुलाला भागाकार किंवा अपूर्णांक कितपत येतो, हे घरच्यांना प्रत्यक्ष कळते. येथे सर्वांत हुशार विद्यार्थी शोधण्याइतकेच महत्त्व शाळेतील अध्यापनाबद्दल गावात चर्चा घडण्याला आहे. संस्थेचे ‘बिल्डिंग ब्लॉक्स’ हे सरावाचे अ‍ॅप विनामूल्य आहे.

स्पर्धेपलीकडची साधने

बेंगळुरूचे अझीम प्रेमजी विद्यापीठ २०१२ पासून ‘अ‍ॅट राइट अँगल्स’ हे शालेय गणिताचे नियतकालिक प्रसिद्ध करते. त्यात प्राथमिक शिक्षकांसाठी स्वतंत्र विभाग असतो आणि अंक विनामूल्य उतरवून घेता येतात. पुणे जिल्ह्यातील सह्याद्री स्कूलचे शैलेश शिराली यांचा या उपक्रमात मोठा वाटा आहे. बेंगळुरूतील आंतरराष्ट्रीय सैद्धांतिक विज्ञान केंद्र शालेय विद्यार्थ्यांसाठी ‘गणित मंडळ’ चालवते. तेथे गुण नसतात, एकत्र बसून प्रश्नांवर विचार केला जातो. अरविंद गुप्ता यांच्या संकेतस्थळावर मराठीतील विज्ञान-गणिताची पुस्तके मोफत मिळतात.

घरी करण्याजोगा एक प्रयोग देवळालीचे शाळाशिक्षक द. रा. कापरेकर यांनी १९४९ मध्ये दिला आहे. सर्व अंक समान नसलेली कोणतीही चार अंकी संख्या घ्यावी. तिचे अंक उतरत्या आणि चढत्या क्रमाने मांडून मोठ्या संख्येतून लहान संख्या वजा करावी आणि आलेल्या उत्तरावर हीच कृती पुन्हा करावी. उदाहरणार्थ, ३५२४ घेतल्यास ५४३२ − २३४५ = ३०८७, नंतर ८७३० − ०३७८ = ८३५२ आणि ८५३२ − २३५८ = ६१७४. जास्तीत जास्त सात पायऱ्यांत ६१७४ ही संख्या येते आणि पुढे तीच कायम राहते. तिसरीतील मूल यातून वजाबाकीचा सराव करते, तर आठवीतील मूल ‘असे का होते?’ हा प्रश्न विचारू शकते.

निवड करताना

कोणत्याही स्पर्धेचे शुल्क भरण्यापूर्वी पालकांनी चार गोष्टी तपासाव्यात : आयोजक कोण आहेत, मागील प्रश्नपत्रिका पाहायला मिळतात का, चुकलेल्या उत्तरांचे स्पष्टीकरण मिळते का आणि प्रश्न पाठांतराने सुटणारे आहेत की विचाराने. ‘आयओक्यूएम’च्या जुन्या प्रश्नपत्रिका सर्वांसाठी खुल्या आहेत. एकाच प्रश्नावर अर्धा तास रमण्याची सवय आठवीपूर्वी लागली, तर पुढील वाटेसाठी तीच सर्वांत उपयुक्त तयारी ठरते. आणि ज्यांना त्या वाटेने जायचे नाही, त्यांच्या मनातील गणिताची भीतीही तिनेच कमी होते.