चव्वेचाळीस हजार शंभर

गेल्या वर्षीं दिवाळीच्या सुट्टींत आमच्या आत्याबाई कांहीं दिवस आमच्याकडे राहावयास आल्या होत्या. वय चौऱ्यायशीं, दृष्टि मंद झालेली. परंतु जात्यावरच्या ओव्या म्हणावयास बसल्या म्हणजे एकीमागून एक अशा निघत कीं, ऐकणारानेंच थकावें. माझ्या पुतण्यानें माडीवरच्या खोलींत भिंतींना गाद्या लावून एक छोटेखानी 'स्टुडिओ' थाटला आहे. त्यानें आत्याबाईंना तेथें बसविलें, समोर मायक्रोफोन ठेवला आणि बरोबर एक तासभर त्यांच्या ओव्या टिपून घेतल्या. तेथल्या तेथें लगेच ऐकून पाहिल्या, त्या उत्तम उतरल्या होत्या. दुसऱ्या दिवशीं तीच नोंद खालीं बैठकींतल्या संगणकावर लावली, तों काय! आवाज बारीक, चाल धांवरी, आणि गाणें घटका भरण्यापूर्वींच संपल्यासारखें. आत्याबाईंनीं कान देऊन ऐकलें व विचारलें, "अरे, ही कोणाची पोर रे माझ्या ओव्या म्हणते आहे?"

घरांतील सर्व मंडळी हसली. पुतण्या मात्र हसला नाहीं. दोन दिवस त्यानें तारा बदलून पाहिल्या, मायक्रोफोन बदलून पाहिला, खालच्या संगणकालाही नांवें ठेवून झालीं. या विद्येंत माझी गति बेताचीच. परंतु इतिहासाच्या अभ्यासकाला कागद खरा कीं खोटा हें पाहतांना आधीं मापें घेण्याची खोड असते. मीं म्हटलें, "बाबा रे, घड्याळ लावून पाहा." साठ मिनिटांचें गाणें पंचावन्न मिनिटें सात सेकंदांत आटोपत होतें. साठांस त्यानें भागिलें तेव्हां १.०८८ हा आंकडा आला, आणि तो पाहतांच पुतण्या ओरडला, "काका, अठ्ठेचाळीस भागिले चव्वेचाळीस पूर्णांक एक!"

झालें होतें तें असें. आवाजाचे अंक करणारी जी पेटी असते, जिला बाजारांत 'ऑडिओ इंटरफेस' म्हणतात, ती दर सेकंदास आवाजाचे ४४,१०० नमुने घेत होती. संगणकांतील लेखनिक मात्र वहीच्या मथळ्यावर ४८,००० असें लिहून मोकळा झाला. वर ऐकतांना तीच पेटी आपल्याच संथ चालीनें नमुने परत देई, म्हणून चूक झांकून गेली. खालच्या संगणकानें मथळ्यावर विश्वास ठेवला आणि सेकंदाला ४८,००० नमुने वाजविले. त्यामुळें आवाज सुमारें दीड अर्धस्वर चढला. ज्या घरीं आवाज असा बारीक किंवा जाड ऐकूं येत असेल, तेथें पेटीचा दर व लेखनिकाचा दर हे दोन आंकडे प्रथम शेजारीं शेजारीं ठेवून पाहावेत.

पण मला खरें नवल वाटलें तें निराळेंच. एकाच कामाला दोन मापें, आणि तींही इतकीं विचित्र, कां असावींत?

मापाचा हा घोळ कांहीं नवा नाहीं. १९०२ सालच्या नोव्हेंबरांत फ्रेड गैसबर्गनें कलकत्त्यास गौहरजान प्रभृति कलावंतांचें गायन टिपलें. तबकड्या मात्र जर्मनींत हॅनोव्हर येथें छापल्या गेल्या. त्या काळीं तबकडी मिनिटाला किती फेरे घेईल याचा कोणताही एक नियम नव्हता. कोठें सत्तरच्या आसपास, कोठें ऐंशीच्या वर. अठ्ठ्याहत्तर हा आंकडा स्थिरावला तो १९२५ सालीं विद्युत्-मुद्रण आल्यानंतर, आणि तोही संगीतशास्त्रानें दिलेला नव्हे. अमेरिकेंतील विजेवर मिनिटाला ३,६०० फेरे घेणारी मोटर दांतेरी चाकांनीं ४६ पट संथ केली म्हणजे ७८.२६ फेरे येतात. युरोपांतील विजेवर, चाकांचें प्रमाण निराळें असल्यानें, असाच हिशेब ७७.९२ वर येतो. म्हणजे माप ठरविलें तें वीजघरानें! सत्तर फेऱ्यांची तबकडी अठ्ठ्याहत्तरांवर वाजवली तर गवई जवळ जवळ एक पूर्ण स्वर वर चढतो. आपल्या गायनांत षड्ज ज्याचा त्याचा असल्यामुळें ही फसवणूक कानाला सहसा उमगत नाहीं. साथीला पेटी असली तर तिच्या सुरांवरून कांहीं अंदाज निघतो. नुसती सारंगी असली तर तोही आधार गेला. अमुक बुवा अमुक पट्टींत गात, असे जे पैजेचे वाद आपल्याकडे रंगतात, त्यांतील कित्येकांचा निकाल गवयाच्या गळ्यांत नसून तबकडी फिरविणाराच्या हातांत असतो.

४४,१०० चा जन्मही असाच परक्या घरीं झाला. ध्वनीच्या लहरींतील सर्वांत जलद कंपनाच्या दुपटीहून अधिक नमुने घेतले तर मूळ लहर जशीच्या तशी परत उभी करतां येते, हें तत्त्व नायक्विस्टच्या १९२८ च्या निबंधांत बीजरूपानें आहे व शॅननच्या १९४९ च्या निबंधांत पूर्णपणें सिद्ध झालें आहे. मनुष्याचा कान सुमारें २०,००० कंपनांपर्यंत ऐकतो. तेव्हां ४०,००० आणि वर थोडी सवड, एवढें शास्त्र सांगतें. पुढचे ४,१०० आले ते चित्रवाणीच्या फितींतून. १९७० नंतरच्या दशकाच्या अखेरीस हा अंकांचा लोंढा सांठवूं शकेल असें सोयीचें साधन जपानी तंत्रज्ञांपाशीं होतें तें चित्रें टिपणाऱ्या फितीचें. मग त्यांनीं अंकांनाच चित्राचा वेष दिला. अमेरिकन पद्धतींत सेकंदाला ६० पडदे, प्रत्येकांत उपयोगीं आणलेल्या २४५ ओळी, दर ओळींत ३ नमुने, गुणाकार ४४,१००. युरोपीय पद्धतींत पडदे ५०, ओळी २९४, नमुने ३. गुणाकार पुन्हां ४४,१००! दोन खंडांच्या भिन्न चालीरीती ज्या एका संख्येवर जुळल्या, तीच १९८० सालीं सोनी व फिलिप्स यांनीं ठरविलेल्या नियमांत शिरली आणि १९८२ पासून लहान चकत्यांवरून घरोघर गेली. फीत गेली, आतां चकत्याही बव्हंशीं गेल्या. संख्या राहिली आहे.

चित्रपटवाल्यांना ती मानवेना. सेकंदाला २४ चित्रें असतील तर ४४,१०० चा भाग जात नाहीं, एका चित्राच्या वांट्याला साडेअठराशे नमुन्यांहून थोडे कमी, आणि तेही अर्धा नमुना तोडून, येतात. ४८,००० घेतले म्हणजे बरोबर २,०००. युरोपांतील २५ चित्रांनाही बरोबर १,९२०. अमेरिकेंतील ऑडिओ इंजिनिअरिंग सोसायटीनें १९८४ सालीं धंदेवाईक कामासाठीं ४८,००० ची शिफारस केली. तेव्हांपासून गाणारांचें माप एक व चित्रें दाखविणारांचें दुसरें अशीं दोन घरें झालीं, आणि त्या दोहोंच्या सीमेवर आमच्या आत्याबाई सांपडल्या.

ही चूक सुधारावयास पुतण्याला एक मिनिटही लागलें नाहीं. नमुने सर्व शाबूत होते, मथळा तेवढा खोटा. तो खोडून ४४,१०० लिहितांच आत्याबाईंचा आवाज आपल्या जागीं येऊन बसला. परंतु ऐकतां ऐकतां दुसरी चूक उघडकीस आली, आणि तिच्यावर उपाय नव्हता. जुन्या फितींना सूं सूं असा अंगभूत आवाज असे. तो दडपण्यासाठीं गाणें शक्य तितकें मोठें टिपावें, अशी त्या काळच्या तंत्रज्ञांची रीत होती. ती रीत पुस्तकांतून आमच्या पुतण्यापर्यंत पोंचली होती. अंकांच्या मुद्रणांत तिची गरज नाहीं. सोळा बिटांत आवाजाच्या ६५,५३६ पायऱ्या असतात, तर चोवीस बिटांत १,६७,७७,२१६. तेव्हां कांटा निम्म्यावर ठेवला तरी कांहीं बिघडत नाहीं. उलट वरच्या टोकाला शेवटच्या पायरीनंतर कांहींच नाहीं. लहर तेथें आदळली कीं तिचा माथा सपाट छाटला जातो, आणि छाटलेलें काय होतें हें कोणत्याही अंकांत लिहिलेलें नसतें.

आत्याबाई एका ओवींत आपल्या धाकट्या भावाचें, म्हणजे माझ्या वडिलांचें, नांव घेत. तेथें त्यांचा आवाज एकाएकीं चढे. नेमक्या त्याच जागीं कांटा टोकाला भिडला होता. ती ओवी पुन्हां टिपून घेऊं असें ठरलें. पुतण्यानें पेटी कमी करून ठेवलीही होती. परंतु मार्गशीर्षांत आत्याबाईंना खोकला जडला, आणि त्यानंतर त्यांनीं ओवी म्हटली नाहीं. वडिलांचें नांव आमच्याजवळ आहे तें तसेंच, फाटलेलें.