आयुक्तांच्या खुर्चीची कुळकथा

1 ऑक्टोबर 2016 रोजी पनवेलची नगरपालिका संपली आणि महानगरपालिका सुरू झाली. रायगड जिल्ह्यातली ही पहिलीच महापालिका. जुने शहर, खारघर-कळंबोली-कामोठे या सिडकोच्या वसाहती आणि 29 गावे असा सुमारे 110 चौरस किलोमीटरचा पसारा एका छत्राखाली आला. नगराध्यक्षांची खुर्ची त्या दिवशी गेली, पण महापौरांची लगेच आली नाही. निवडणूक झाली 24 मे 2017 ला, डॉ. कविता चौतमोल पहिल्या महापौर झाल्या त्या जुलैमध्ये. मधले नऊ महिने सभागृहही आयुक्त आणि स्थायी समितीही आयुक्तच. ठराव मांडायचा, मंजूर करायचा आणि अंमलात आणायचा, सगळे एकाच सहीने.

पनवेलला ही खुर्ची नवी होती. तिचे कूळ मात्र दीडशे वर्षांचे, आणि मूळ गाव खाडीपलीकडची मुंबई.

पनवेलने स्वतःचा कारभार त्याआधीच सुरू केला होता. 1850 च्या सव्विसाव्या कायद्यानुसार 1852 मध्ये इथे नगरपालिका आली. राज्यातल्या सर्वांत जुन्या नगरपालिकांत तिची गणना होते. त्या कायद्यात सरकार मॅजिस्ट्रेटबरोबर गावातले काही रहिवासी नेमायचे आणि त्या सगळ्यांना मिळून ‘कमिशनर’ म्हणायचे. अधिकार पंचमंडळींत वाटलेला होता. पुढे कायदे बदलले, मतदान आले, नगराध्यक्ष आले. 1965 च्या नगरपरिषद अधिनियमाने नगराध्यक्षाला सभा चालवण्यापलीकडे आर्थिक आणि प्रशासकीय कारभारावर देखरेखीचा अधिकार दिला. मुख्याधिकारी सरकारचा, पण गटार तुंबले की लोक नगराध्यक्षाच्या दारात. ही नगरपालिका अशीच चालत आली.

मुंबईत मात्र पंचांचा प्रयोग फसला. तिथे तीन कमिशनर मिळून कारभार बघत आणि कामाचा पत्ता नसे. 1865 च्या कायद्याने तिघांच्या जागी एकच कमिशनर नेमला आणि सगळी अंमलबजावणी त्याच्या हाती दिली. लगाम म्हणून ‘जस्टिस ऑफ द पीस’ मंडळींचे बाक होते. पण ते सरकारनियुक्त, करदात्यांनी निवडलेले नव्हते. पहिला कमिशनर आर्थर क्रॉफर्ड. माणूस धडाक्याचा. रस्ते, गटारे, स्वच्छता यांवर त्याने हात सैल सोडला. त्याच्या नावाची मंडई आजही उभी आहे. तिजोरी मात्र तळाला गेली, कर वाढले आणि 1871 मध्ये करदाते खवळले.

मागणी सरळ होती: कमिशनरचे पद काढा, कारभार पुन्हा मंडळाकडे द्या. तेव्हा पंचविशीच्या आसपासचे बॅरिस्टर फिरोजशहा मेहता फ्रामजी कावसजी इन्स्टिट्यूटमध्ये उभे राहिले आणि लोकांना न रुचणारे बोलले. त्यांचे म्हणणे असे की, काम करणारा हात एकच हवा. दोष त्या हाताचा नाही, त्याच्यावर नजर ठेवणारी सभा लोकांनी निवडलेली नाही, हा आहे. कमिशनर ठेवा, पण पैशाची किल्ली निवडून आलेल्यांकडे द्या.

1872 च्या कायद्यात हा विचार अर्धामुर्धा उतरला: 64 सदस्यांपैकी 32 करदात्यांनी निवडायचे. 1888 च्या कायद्याने तो पक्का केला आणि त्याच्या घडणीत मेहतांचा मोठा वाटा होता. कमिशनर सरकारचा, अर्थसंकल्प सभेचा. सभेच्या प्रमुखाला 1931 पर्यंत ‘प्रेसिडेंट’ म्हणत. त्या वर्षी तो ‘मेयर’ झाला. नाव भारदस्त झाले, कार्यकारी अधिकार होते तिथेच राहिले. हाच साचा 1949 मध्ये पुणे आणि अहमदाबादसाठी मुंबई प्रांतिक महानगरपालिका अधिनियमात ओतला गेला आणि पुढे एकेक शहर त्यात बसत गेले. पनवेलही.

म्हणून 2017 मध्ये पनवेलकरांना नगराध्यक्षाऐवजी महापौर मिळाले तेव्हा खुर्ची उंचावली आणि हाताचा पल्ला आखडला. महापौर सभा चालवतात. शहर चालवण्याचा अधिकार कायद्याने आयुक्तांचा. पहिल्याच वर्षी याची ठिणगी पडली. आयुक्त सुधाकर शिंदे आणि सत्ताधारी भाजप यांचे बिनसले. आयुक्ताला परत पाठवायला एकूण सदस्यांपैकी पाच-अष्टमांश मते लागतात, म्हणजे 78 च्या सभागृहात 49. भाजपकडे 51 नगरसेवक होते. मार्च 2018 मध्ये अविश्वास ठराव मंजूर झाला आणि काही आठवड्यांत शिंदे यांची बदली झाली. भांडण कोणाचे बरोबर हा मुद्दा वेगळा; मेहतांनी मागितलेला लगाम शाबूत आहे, एवढे त्यातून दिसले.

पण लगाम धरणाराच नसेल तर? जुलै 2022 मध्ये पहिल्या सभागृहाची मुदत संपली आणि पुढची निवडणूक झाली ती जानेवारी 2026 मध्ये. साडेतीन वर्षे आयुक्त हेच प्रशासक. त्याच काळात वसाहतींमध्ये मालमत्ता कराचा वाद पेटलेला होता. आकारणी थेट 1 ऑक्टोबर 2016 पासूनची, आणि त्यातल्या बऱ्याच काळात रहिवासी सिडकोला सेवाशुल्क भरत होते. दुहेरी कराची ही तक्रार लोक मोर्चांत आणि न्यायालयात घेऊन गेले. ती मांडायला सभागृहात त्यांचा नगरसेवक नव्हता.

क्रॉफर्डच्या मुंबईतही गाऱ्हाणे हेच होते: कर आमचा, हिशेब विचारायला निवडलेला माणूस नाही. 1872 पासूनची सगळी कायदेबांधणी त्याला उत्तर म्हणून झाली. निवडणुका लांबल्या की हे उत्तर आपोआप रद्द होते आणि शिल्लक राहतो तो 1865 चा कायदा. त्यात निदान जस्टिस मंडळींचे बाक तरी होते.